रात्री उठून आई जागेवर आहे का ते बघणारी मुलगी

पत्र बरंच मोठं होतं. घरातलं कोणी ओळखू येईल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

"ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेले दोन महिने ती रात्री दोन-तीनदा उठते, आमच्या खोलीत येते आणि अंधारात चाचपून आम्ही अंथरुणात आहोत का ते बघते. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तुम्ही सगळे वर गेलात आणि मी एकटीच राहिले तर? माझ्या मिस्टरांची नोकरी मागच्या वर्षी गेली होती, तेव्हापासून ते शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघायला लागले. आधी एखादा बघायचे, आता जेवतानासुद्धा मोठ्या आवाजात चालू असतात. कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला की लगेच बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडतात. फार तर दोन वर्षं उरली म्हणतात. आता दुसरी नोकरी लागलीये, पण मुलांच्या शिक्षणाचे हप्ते त्यांनी बंद केले, मोठ्याला म्हणाले कॉलेजचं टेन्शन घेऊ नकोस, तेवढा वेळच नाहीये. बँकेचं नवीन कार्ड आलं तर म्हणे ही श्वापदाच्या खुणेची तयारी आहे. ते वाईट नाहीत हो, रोज आमच्यासाठी रडून प्रार्थना करतात. बायबल त्यांना माझ्या दहापट येतं, मी काही बोलले की चार वचनं अंगावर येतात आणि मी गप्प बसते. आणि खरं सांगू का, न्यायाच्या दिवसाची मलाही भीती वाटते. माझा विश्वास कमी आहे का? शेवट खरंच जवळ आलाय का? मुलीला काय सांगू? — एक आई"

ताई, आधी मुलीबद्दल बोलू. मिस्टरांशी बोलणं चार दिवस थांबलं तरी चालेल, पण ती आज रात्री परत उठणार आहे.

मी बारा वर्षांची असताना मुलांच्या एका शिबिरात एका उपदेशकांनी आम्हाला सांगितलं होतं की एक दिवस डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खरे विश्वासणारे नाहीसे होतील, त्यांचे कपडे जागच्या जागी पडलेले असतील, आणि ज्या मुलांनी मनापासून प्रार्थना केली नाही ती रिकाम्या घरात उभी राहतील. त्यानंतर काही आठवड्यांनी मी शाळेतून आले तर दार नुसतं लोटलेलं, आत कोणी नाही, आणि पलंगावर वडलांचा अर्धवट इस्त्री केलेला शर्ट. एक बाही सरळ, एक चुरगळलेली, बाजूला इस्त्री अजून गरम. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही तर मग ते खरंच ठरेल ना, म्हणून. शेजारी चार महिन्यांचं बाळ होतं, मी भिंतीला कान लावून उभी राहिले, कारण बाळाला तर देव नक्की नेणार, म्हणजे बाळ असेल तर अजून काही झालेलं नाही असा माझा हिशोब. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग बाळ रडलं आणि मी तिथेच खाली बसले. आई गच्चीवर होती, पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला गेलेली. हे मी तिला पुढे पंधरा वर्षं सांगितलं नाही.

तुमच्या मुलीने दोन महिन्यांत सांगितलं. तुमच्यावर तिचा केवढा भरवसा आहे ते यातच आलं, तो जपा.

आता तिच्या भीतीमागचं वचन बघू, कारण ते वचन भीतीसाठी लिहिलेलंच नाहीये आणि हे तुम्हाला माहीत असायला हवं. 'आपण मेघारूढ असे उचलले जाऊ' हे येतं पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात. पत्र साधारण इ.स. ५० च्या आसपासचं, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक. मंडळी नवी होती, प्रभू लवकरच येणार म्हणून ती वाट बघत होती, आणि मधेच त्यांच्यातली काही माणसं वारली. कोणाची आई, कोणाचा भाऊ. मग मागे उरलेल्यांना प्रश्न पडला की आमची माणसं तर गेली, आता प्रभू आला की ती राहूनच जाणार का? म्हणजे बघा, तुमच्या मुलीचाच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने. त्याला पौलाने उत्तर दिलं की कोणी राहून जाणार नाही, मेलेले आधी उठतील, मग आपण आणि ते सगळे एकत्र असू, आणि सदासर्वदा प्रभूजवळ राहू. शेवटी तो काय म्हणतो? या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन! ज्या ओळी शोकातल्या माणसांना तुमचं कोणी हरवणार नाही हे सांगायला लिहिल्या, त्याच ओळी वापरून आपण लेकरांची झोप उडवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक, 'प्रभूला सामोरं जाणं' असं जे तिथे म्हटलंय त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तोच प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात येतो. पौल रोमजवळ पोचला तेव्हा तिथले बंधू शहराबाहेर येऊन त्याला भेटले आणि त्याच्याबरोबर परत शहरात गेले. दहा कुमारींच्या दाखल्यातही तोच शब्द, नवरदेव येतोय, त्याला सामोऱ्या जा. येणाऱ्याला वेशीवर जाऊन घेऊन यायचं, असं ते चित्र. आणि प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात तर नवं यरुशलेम वरून खाली उतरतं, देवाची वस्ती माणसांजवळ येते. घरं रिकामी पडलीयेत आणि लेकरं दारात एकटी उभी आहेत, असं दृश्य या शेवटच्या पानांवर कुठेच नाही.

दोघं शेतात असतील, एक घेतला जाईल एक ठेवला जाईल, हे मत्तयातलं वचनही मिस्टर काढतील. त्याच्या अगदी वरचं वाचायला सांगा. नोहाच्या दिवसांत जलप्रलय आला आणि सगळ्यांना घेऊन गेला, असं तिथे आहे, म्हणजे वाहून गेले ते बुडाले आणि मागे राहिला तो नोहा. म्हणून कितीतरी अभ्यासक म्हणतात की इथे 'ठेवला जाणं' म्हणजेच बचावणं आहे. यावर मतभेद आहेत, मी भांडणार नाही. पण विश्वासणारे आधी गुपचूप नाहीसे होतील आणि मग महासंकट येईल अशी दोन टप्प्यांची मांडणी मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून, १८३० च्या दशकापासून पसरली, आणि १९०९ मध्ये अमेरिकेत टिपांसकट छापलेल्या एका बायबलमुळे घरोघरी गेली. ती मानणारे माझ्या ओळखीत आहेत आणि चांगली, देवभीरू माणसं आहेत. पण चर्चमध्ये विश्वासाची कबुली म्हणून सगळे जे शतकानुशतकं म्हणत आलेत ते एवढंच आहे की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने परत येईल. त्यात टप्पेही नाहीत आणि तारीखही नाही.

तर मुलीला सांगताना यातलं काहीही सांगू नका, हे सगळं तुमच्यासाठी होतं. तिला एवढंच सांगा की शिष्य लहान मुलांना हाकलत होते तेव्हा येशू शिष्यांवर रागावला आणि त्याने मुलांना कवेत घेतलं, मग तो तुला अंधारात विसरून जाईल का? आणि तिने काही नीट केलं नाही, प्रार्थना चुकली, खोटं बोलली म्हणून ती राहून जाईल असं तिच्या डोक्यात आहे का ते हळूच विचारा. बहुतेक असेल. माझ्या होतं. मी रोज रात्री तीच प्रार्थना पाच-सहा वेळा म्हणायचे, मधे एक शब्द अडखळला तर पहिल्यापासून.

आता, शेवट जवळ आलाय का. मला माहीत नाही ताई. तुमच्या मिस्टरांना माहीत नाही, व्हिडिओवाल्यालाही माहीत नाही. मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुत्रालाही नाही, हे वाचून थांबावं असं वाक्य आहे. आणि लढायांबद्दल म्हणाल तर मत्तय चोवीस मिस्टरांबरोबर बसून एकदा सावकाश वाचा. लढायांविषयी ऐकाल, लढायांच्या अफवा ऐकाल, पण सांभाळा, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असं आहे तिथे. म्हणजे ज्या बातमीने मिस्टर घाबरतात ती ऐकून घाबरू नका असं सांगायलाच येशूने ती आधी बोलून ठेवलीय. त्याच प्रवचनात यरुशलेमच्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही म्हणाला होता, ते इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने खरं केलं, त्या पिढीतल्या माणसांनी ते डोळ्यांनी बघितलं. आणि 'शेवटचे दिवस' म्हणाल तर पेत्र पेंटेकॉस्टच्या दिवशीच उभा राहून म्हणाला की योएल संदेष्ट्याने सांगितलेले शेवटचे दिवस ते हेच. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं आपण शेवटच्या काळातच राहतोय, आणि त्यातच माणसांनी लग्नं केली, मुलं वाढवली, चर्चेस बांधली.

दोन वर्षं, तीन वर्षं असे आकडे काढणारे पूर्वीही होते आणि ते सगळे लबाड नव्हते, हे मिस्टरांना प्रेमाने सांगता येईल. जर्मनीत मिखाएल श्टिफेल नावाचे पाद्री होते, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे मित्र, आणि गणितज्ञ म्हणून खरोखर मोठे. अक्षरांना आकडे देऊन त्यांनी १५३३ च्या ऑक्टोबरमधला दिवस काढला, सकाळी आठची वेळसुद्धा. ल्यूथरने अडवलं होतं, ऐकलं नाही. दिवस उजाडला, गेला, पाद्रीपद गेलं, अटकही झाली. नंतर ते गणिताकडे वळले आणि १५४४ मध्ये बीजगणितावर इतकं चांगलं पुस्तक लिहिलं की आजही त्यांचं नाव निघतं. बुद्धी तीच, कामाला मात्र नंतर लागली.

आणि विल्यम मिलर. अमेरिकेतला शेतकरी, वर्षानुवर्षं बायबलचा अभ्यास केलेला, साधा सरळ माणूस. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवस आहेत, त्यांची वर्षं धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ काढलं. शेवटी त्याच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. हजारो लोक वाट बघत बसले. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, काढून खाणार कोण म्हणून. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा लोक अक्षरशः धाय मोकलून रडले, त्या दिवसाला इतिहासात महानिराशाच म्हणतात. मला नेहमी त्या घरातल्या बायकांचा विचार येतो, हिवाळा तोंडावर, पीक शेतात, मुलं उपाशी नको राहायला, आणि नवरा कोसळलेला. आपल्या काळात हॅरॉल्ड कॅम्पिंग झाले, रेडिओवरून २१ मे २०११ सांगितलं, लोकांनी साठवलेले पैसे त्या जाहिरातींवर घातले. मग ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. २०१२ मध्ये त्यांनी तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. पण पैसे घातलेल्यांचं काय?

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशे सांगतो, संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलं आणि तसं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, त्याला भिऊ नकोस. 'भिऊ नकोस' हे थेट तिथे लिहिलंय. तुम्हाला चार वचनं हवी होती ना, एक हे घ्या.

कार्डाचं थोडक्यात. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात एक श्वापद येतं, त्याची खूण नसेल त्याला विकता-घेता येत नाही आणि त्याचा आकडा ६६६ आहे, म्हणून मिस्टरांना कार्डाची भीती. प्रकटीकरण हे योहानाने पात्म बेटावरून रोमी आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. बरेच अभ्यासक ते सम्राट डोमिशियनच्या काळात, पहिल्या शतकाच्या शेवटी ठेवतात. तिथे सम्राटाची पूजा चालायची, पर्गममध्ये तर ऑगस्टसच्या काळापासून त्याचं मंदिर होतं, आणि जो पूजेत सामील होत नाही त्याचा व्यापार-धंदा अडायचा. अशा लोकांना पत्र लिहायचं तर खुणेच्या भाषेत लिहावं लागतं. 'नेरोन केसर', म्हणजे रोमी सम्राट नीरो, हे हिब्रू अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराची किंमत मांडा, ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ येतो, आणि त्या नावातलं शेवटचं ५० चं अक्षर गाळलं तर नेमका ६१६ होतो. मी स्वतः कागदावर ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं. आणि समजा कोणी म्हणालं की पुढेही असा नीरो येईल, येईलही, कारण योहान आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की ख्रिस्तविरोधक आताच पुष्कळ झालेत. पण खूण चुकून लागत नाही ताई. चौदाव्या अध्यायात ती श्वापदाला नमन करण्याशी बांधलेली आहे, कोणाची भक्ती करायची हे माणूस स्वतः ठरवतो तिथे. आणि त्याच पुस्तकात देवाच्या दासांच्या कपाळावरही शिक्का आहे, त्यावर व्हिडिओ कोणी बनवत नाही. कार्ड वापरा.

आता तुमची स्वतःची भीती. विश्वास कमी आहे म्हणून ती वाटते असं मला वाटत नाही. न्याय हा शब्द आपण नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून ऐकतो, म्हणून पोटात गोळा येतो. स्तोत्र ९६ आणि ९८ उघडा. परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय, आणि ते ऐकून काय होतं? शेत उल्लासतं, रानातली झाडं गातात, नद्या टाळ्या वाजवतात. ज्याची जमीन बळकावली गेलीय, जिची साक्ष कोणी ऐकून घेत नाही, जो वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, त्याला न्यायाधीश येतोय ही बातमी कशी लागेल विचार करा. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे ओरडतात, हे प्रभो, कुठवर? त्या 'कुठवर'ला उत्तर म्हणून तो न्याय आहे. अठराव्या अध्यायात बाबेल नगर पडतं तेव्हा व्यापारी रडतात आणि त्यांच्या मालाची यादी येते, सोनं, रुपं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, तेल, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ, आणि यादीच्या अगदी शेवटी गुलाम, म्हणजे माणसांचे जीव. मालाच्या यादीत माणसं, तीही गुरांच्या आणि घोड्यांच्या खाली! हे बघून देवाने काहीच बोलायचं नाही का? न्यायच नसेल तर त्या माणसांचं काय, हा प्रश्न मला न्यायाच्या भीतीपेक्षा जास्त छळतो.

मी पाणी घालून सांगत नाहीये, न्याय खरा आहे आणि कडक आहे. मत्तय पंचवीस वाचून मी दर वेळी गप्प होते. मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात, आणि दोन्ही बाजूंना आश्चर्य वाटतं, आम्ही तुला कधी उपाशी पाहिलं? कधी तुरुंगात पाहिलं? चौकशी होते ती भुकेल्याला दिलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याला भेटलात का याची. किती वर्षं उरली होती हे ओळखलंत का, असं तिथे कोणालाच विचारलेलं नाही. आणि न्याय करणारा कोण? पित्याने न्यायाचं सगळं काम पुत्राकडे दिलंय असं योहान पाचमध्ये आहे, म्हणजे ज्याच्या हातांना खिळ्यांच्या जखमा आहेत तो. योहानाने त्याला पात्मवर गौरवात बघितलं तेव्हा तो मेल्यासारखा पायांशी पडला, आणि येशूने उजवा हात ठेवून पहिला शब्द काढला तो 'भिऊ नकोस'. योहानाचं पहिलं पत्र म्हणतं की न्यायाच्या दिवशी आपल्याला धैर्य असावं म्हणून प्रीती पूर्ण होते, आणि पूर्ण प्रीती भीती घालवून देते. हळूहळू घालवते, एका रात्रीत नाही जात ती.

मिस्टरांशी वचनांच्या लढाईत उतरू नका, तुम्ही म्हणताच की तिथे हरता. त्यांच्याबरोबर यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला बसा, त्यांना आवडेल. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत देव सगळं उलटवणार. दोन वर्षं, तुमच्या मिस्टरांचाच आकडा. यिर्मया म्हणतो, तसं झालं तर बरंच, पण तुला परमेश्वराने पाठवलेलं नाही. आणि पुढच्याच अध्यायात यिर्मया बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, सत्तर वर्षं आहेत.

मग बत्तिसावा अध्याय. हा त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. यरुशलेमेला वेढा पडलाय, इ.स.पू. ५८७ च्या सुमाराची गोष्ट, शहर पडणार हे यिर्मयाला पक्कं माहीत आहे, तेच सांगितलं म्हणून तर तो पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. आणि तिथे त्याचा चुलतभाऊ येतो, अनाथोथची माझी जमीन विकत घे म्हणतो. शत्रूचं सैन्य बसलेल्या मुलखातली जमीन! यिर्मया सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहर लावलेली, एक उघडी, आणि आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सांगतो की हे मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. कारण या देशात घरं, शेतं, मळे पुन्हा विकत घेतले जातील. ज्याला नाश येतोय हे देवाकडून कळलं होतं त्याने पैसे कुठे घातले बघा. मिस्टरांना विचारा, यिर्मयाने कैदेत बसून खरेदीखत केलं, मग आपण हप्ते का थांबवले? एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. पौलाच्या वेळीही थेस्सलनीकात काहींनी काम सोडलं होतं, त्याने दुसऱ्या पत्रात त्यांना चांगलं खडसावलंय, पण ते तुम्ही काढू नका, त्यांनी स्वतः वाचलेलं बरं.

एक अंदाज सांगू? नोकरी गेली तेव्हा त्यांचं जग खरंच संपलं होतं, आणि ते कोणाला दाखवता येत नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं की सगळ्यांचंच संपणार आहे. त्यात माणसाला एक विचित्र आधार मिळतो. म्हणून कधीतरी शांत वेळी व्हिडिओबद्दल काही न बोलता त्या दिवसांबद्दल विचारा, पहिल्या दिवशी घरी येताना मनात काय होतं. रडणारा माणूस आहे, बोलेल.

व्हिडिओबद्दल मात्र ठाम राहा. मुलांसमोर नाही, जेवताना नाही, बघायचेच तर हेडफोन लावून. याला वचन लागत नाही, आई म्हणून तुम्ही म्हणताय एवढं पुरे. हप्त्यांचा निर्णय दोघांचा आहे, एकट्याने थांबवता येत नाही, ते हळू आवाजात पण सांगा. ऐकत नसतील तर दोघांचाही विश्वास आहे अशा पाळकांना घरी बोलवा, तारखा सांगणारे नकोत. मोठ्यालाही बाजूला घेऊन सांगा की बाबा, फॉर्म भर, अभ्यास कर. आणि महिनाभरात मुलीची झोप सुधारली नाही तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या, कोणी याला अविश्वास म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

आज रात्री तिच्या खोलीचं दार उघडं ठेवा, पॅसेजमधला दिवा चालू ठेवा. झोपताना स्तोत्र ९८ वाचा, नद्या टाळ्या वाजवतात तिथे तिला टाळ्या वाजवू द्या. आणि तिला सांगून ठेवा की जाग आली तर चाचपत यायचं नाही, अंथरुणातूनच मोठ्याने हाक मारायची. मग कितीही झोपेत असलात, एका रात्रीत दहादा मारली, तरी दर वेळी ओ द्या.